भिजलेल्या वह्या आणि एक खरेदी

साहित्याच्या अभ्यासकांसमोर ‘टॅब घ्यावा की लहान लॅपटॉप’ असा प्रश्न मांडणे अनेकांना अप्रस्तुत वाटेल, याची आम्हांला कल्पना आहे. असले प्रश्न दुकानात सुटतात, फार तर घरातल्या एखाद्या भाच्या-पुतण्याला विचारून सुटतात. त्यासाठी निबंध लिहावा लागत नाही. आम्हीही प्रारंभी असेच समजत होतो. परंतु हा प्रश्न आमच्या घरी तब्बल सात महिने मुक्कामाला राहिला. त्याचा निकाल लावताना आपण मुख्यतः वाचणारे आहोत की लिहिणारे, आणि लिहिणारे असू तर कोणाची भाषा कोणाच्या शेजारी बसून लिहितो, हे आम्हांला नव्याने तपासावे लागले. म्हणून हे टिपण.

आधी आमची परिस्थिती सांगतो. भंडारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात आम्ही तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. यांतील निम्मे लोक त्यातून गेले असतील, उरलेले जाणार असतील. मानधन दरमहा हाती पडत नाही. कधी दिवाळी उलटल्यावर, कधी सत्र संपल्यावर ते एकरकमी येते, आणि येण्याआधीच त्याचे वाटे झालेले असतात. त्यामुळे घरातली मोठी खरेदी वर्षातून एकदाच व एकच होते. ‘दोन्ही घ्या’ असे सांगणारे हितचिंतक पुष्कळ भेटले. त्यांचे वेतन दर महिन्याच्या एक तारखेला जमा होत असावे.

आता त्या खरेदीचे निमित्त. सुमारे 2008 पासून आम्ही आमच्या आईच्या तोंडचे शब्द वह्यांत उतरवून ठेवीत आलो. आई लाखांदूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. तिची बोली ती झाडीबोली. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा सारा मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो, आणि इथल्या बोलीला साहित्याच्या दारापर्यंत आणण्याचे काम साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर आणि झाडीबोली साहित्य मंडळ यांनी केले, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. आमचे काम तसले मोठे नव्हते. एका बाईचे शब्द, एवढीच त्याची व्याप्ती होती. धानाच्या रोवणीच्या वेळचे, चुरण्याच्या वेळचे, पुंजणे रचतानाचे. बांधी, धुरा, बोडी, सांदवाडी, ढोली असे रोजचे शब्द, आणि त्यांच्याभोवती ती बोलता बोलता जी वाक्ये रचीत असे ती. अशा सात वह्या झाल्या होत्या. त्या भंडाऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या घरी, पलंगाखालच्या लोखंडी पेटीत होत्या.

2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला. मध्यप्रदेशात धुवांधार पाऊस झाला, संजय सरोवराचे पाणी सोडण्यात आले आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत नदी शिरली. आमच्या घरात पाणी पलंगाच्या वर चढले. आम्ही माणसे गच्चीवर सुखरूप होतो; पेटी खालीच राहिली. दोन दिवसांनी ती उघडली तेव्हा साहित्याच्या कोणत्याही पुस्तकात न शिकलेला एक धडा आम्हांला मिळाला. शाईच्या पेनाने लिहिलेल्या तीन वह्यांची पाने सरसकट निळी झाली होती. अक्षर म्हणून काही उरले नव्हते. बॉलपेनने लिहिलेल्या दोन वह्यांची पाने एकमेकांना चिकटली होती, पण नेटाने सोडवली तर वाचता येत होती. आणि ज्या दोन वह्या आम्ही शेताच्या धुऱ्यावर बसून, टोक बोथट झालेल्या शिसपेन्सिलीने लिहिल्या होत्या, ज्यांची आम्हांला लाज वाटे म्हणून पुढे ‘फेअर’ करायच्या होत्या, त्या वाळवल्यावर जशाच्या तशा निघाल्या.

उरलेले शब्द एखाद्या टिकाऊ जागी नेऊन ठेवायचे, हा निश्चय त्याच दिवशी झाला. तो अमलात यायला पाच वर्षे लागली. दरम्यान आईने अठ्ठ्याहत्तरी ओलांडली. गेल्या पावसाळ्यात रोपांच्या पेंड्या पाहत ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘‘याले काय म्हनते गा?’’ ज्या शब्दावर तिचे सगळे आयुष्य उभे राहिले तो ‘पऱ्हे’ हा शब्द तिला आठवेना. त्या दिवशी आम्हांला समजले, की पूर एकदाच आला होता असे नाही.

दुकानात गेलो. भंडाऱ्यातील दुकानदार तरुण होता, अदबीने बोलत होता. त्याने एक टॅब आणि एक अकरा इंची लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवला आणि विचारले, ‘‘सर, तुम्हांला याच्यावर नेमकं करायचं काय आहे?’’ आम्ही म्हणालो, ‘‘लिहायचं आहे, वाचायचं आहे.’’ तो म्हणाला, ‘‘ते तर दोन्हींवर होतं.’’ त्याचे म्हणणे खरे होते आणि तिथेच अडचण होती. दोन्हींवर सर्व होते. पण कोणते काम सहज होते आणि कोणते नाइलाजाने, हे दुकानाच्या काउंटरवर उभे राहून कळत नाही. आम्ही काही न घेता परतलो.

या दोन वस्तूंचे भांडण तसे जुने नाही. 2007 च्या अखेरीस आसुस या तैवानी कंपनीने सात इंची पडद्याचा ‘ईईई पीसी’ आणला आणि लहान, स्वस्त लॅपटॉपची एक जातच निर्माण झाली. तिला ‘नेटबुक’ म्हणत. पुढे 2010 मध्ये अॅपलचा आयपॅड आला. दोन-तीन वर्षांतच नेटबुकची लाट ओसरली, कारण ज्यांना केवळ पाहायचे व वाचायचे होते त्यांना कळफलकाची गरज राहिली नाही. आपल्याकडे ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्र सरकारने मोठा गाजावाजा करून ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅब विद्यार्थ्यांसाठी जाहीर केला. त्याचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. त्याआधी 2007 मध्येच महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातील खैरात या लहानशा गावच्या शाळेत, ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग झाला होता. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपची एक गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. त्याचा पडदा मानेपासून फिरवून कळफलकावर पालथा टाकता येई, म्हणजे तो लॅपटॉपचा टॅब होई. लिहायचे तेव्हा पाटी उभी आणि वाचायचे तेव्हा पाटी आडवी. मुलाला ही दोन्ही कामे लागतात, त्यांतले एक निवडायला सांगू नये, असे त्या रचनाकारांना वाटले असावे. आम्हांला मात्र निवडायचे होते.

निवड करण्यापूर्वी दोन्ही वस्तू वापरून पाहण्याचे ठरवले. टॅब आला आमच्या एका विद्यार्थिनीकडून. नागपूरच्या ‘महाज्योती’ या शासकीय संस्थेमार्फत इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांतील विद्यार्थ्यांना जेईई, नीट, सीईटी यांच्या तयारीसाठी टॅब दिले जातात. तिच्या धाकट्या भावाला तो मिळाला होता. परीक्षा आटोपली आणि तो टॅब बहिणीकडे आला. दिवाळीच्या सुटीत तिने तो पंधरा दिवस आम्हांला दिला. लहान लॅपटॉप एका सहकाऱ्याकडून मिळाला.

वाचनाच्या बाबतीत टॅबने पहिल्याच रात्री बाजी मारली, हे मान्य केले पाहिजे. मराठीच्या अभ्यासकाला आज जे काही मोफत व घरबसल्या उपलब्ध आहे ते बहुतांशी पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे या स्वरूपात आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ग्रंथ, ‘शोधगंगा’वरील प्रबंध, जुन्या नियतकालिकांचे अंक, सारे तसेच. टॅब उभा धरला की पुस्तकाचे अख्खे पान त्यात मावते. वरच्या ओळीपासून तळटीपेपर्यंत नजर न अडखळता जाते. लहान लॅपटॉपचा पडदा आडवा व बुटका असतो. त्यात अर्धेच पान दिसते. परिच्छेद मधोमध तुटतो, तळटीप पाहायला खाली जावे लागते आणि परत वर येईपर्यंत वाक्याचा धागा सुटतो. शिवाय टॅबचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास. उशीला टेकून, खाटेवर, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर तो पुस्तकासारखा धरता येतो. मोल्सवर्थचा शब्दकोश आम्ही विद्यार्थिदशेपासून ग्रंथालयाच्या टेबलाशी उभे राहून चाळत आलो. तो अंगावर पांघरूण घेऊन चाळता येईल असे कधी वाटले नव्हते. त्या पंधरा रात्रींत आम्ही जेवढे वाचले तेवढे मागच्या वर्षभरात वाचले नसेल. आमचे काम केवळ वाचनाचे असते तर हा लेख इथेच संपला असता.

आता लेखन. इथे एक गोष्ट टॅबच्या बाजूने आधीच नोंदवतो, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. बाजारात मिळणाऱ्या लॅपटॉपच्या कळांवर केवळ रोमन अक्षरे असतात. मराठी माणसाने त्यावर मराठी लिहायचे म्हणजे आपली लिपी बोटांत लपवून परक्या अक्षरांवर चालवायची. काचेच्या कळफलकावर मात्र निदान आपली अक्षरे दिसतात. अ दिसतो, ळ दिसतो. नवशिक्याला हा केवढा दिलासा असतो! आमच्या विद्यार्थ्यांतले बहुसंख्य जण फोनवर रोमन अक्षरांत मराठी लिहितात. त्यांपैकी जे कोणी देवनागरीकडे वळले, ते या काचेच्या अक्षरांमुळेच वळले.

पण दिसणे वेगळे आणि लिहिणे वेगळे. भारतीय लिप्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक 1986 मध्ये इलेक्ट्रॉनिकी विभागाने तयार केला आणि 1991 मध्ये तो भारतीय मानकात समाविष्ट झाला. त्याची मांडणी एखाद्या वैयाकरणाने केल्यासारखी आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताखाली, बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली. अल्पप्राण साध्या कळीवर आणि त्याचा महाप्राण तीच कळ ‘शिफ्ट’सह दाबल्यावर. महिनाभर सराव केला की अक्षरे पाहावी लागत नाहीत. डावा-उजवा, डावा-उजवा अशा लयीत मराठी उमटू लागते. ही लय खऱ्या कळांवरच सापडते. काचेवर बोटाला काठ लागत नाही. कुठे कळ संपली आणि कुठे दुसरी सुरू झाली हे डोळ्यांनीच पाहावे लागते. दोन ओळींचा निरोप ठीक, दोन पाने लिहिली की मान आणि अंगठा दोन्ही तक्रार करतात.

आमच्या ‘पऱ्हे’ या शब्दाचेच उदाहरण घ्या. त्यात र आहे तो रफार नव्हे. चंद्रकोरीसारखा वाकडा, अर्धा र आहे. ‘पर्हे’ असे लिहिले तर वेगळेच काही लिहिल्यासारखे होते. वऱ्हाड, कऱ्हाड, तऱ्हा या शब्दांनी मराठीने जपलेला हा र हिंदीला लागत नाही, म्हणून यंत्रांच्या हिशेबात तो नेहमी कडेला राहिला. इनस्क्रिप्टमध्ये मात्र त्याची स्वतःची जागा आहे. र ची कळ ‘शिफ्ट’सह दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, पुढे हलन्त, पुढे ह. तीन हालचालींत पऱ्हे उगवतात. टॅबवर तोच र एखाद्या अक्षराच्या पोटात दडलेला असतो. बोट दाबून धरले की वर येतो, आणि घाईत असलेला माणूस दाबून न धरता पुढे जातो.

याहून गंभीर बाब पुढची आहे. टॅबवरचा कळफलक आपण लिहू लागताच पुढचा शब्द सुचवतो आणि आपला शब्द त्याला अनोळखी असला तर दुरुस्तही करतो. झाडीबोलीत ण चा न होतो आणि ळ चा र होतो. पाणी ते पानी, डोळा तो डोरा, काळा तो कारा. आम्ही ‘पानी’ लिहिले की यंत्र ‘पाणी’ करी. ‘डोरा’ लिहिले की ‘दोरा’ करी. बोलून लिहिण्याची सोय गूगलने ऑगस्ट 2017 मध्ये मराठीत आणली, तीही आईवर वापरून पाहिली. ती सावकाश म्हणाली, ‘डोरा’. पडद्यावर ‘दोरा’ उमटला. पुन्हा म्हणाली, या खेपेला ‘थोडा’. तिसऱ्या वेळी ती काही बोललीच नाही. दुरुस्तीची ही सोय बंद करता येते, हे आम्ही जाणतो, आणि ती बंद केलीही. पण ज्या विद्यार्थिनीचा तो टॅब होता, तिने ती कधी बंद केली नव्हती. तिने आपल्या आजीच्या गोष्टींवर बारा पानांचा प्रकल्प त्याच टॅबवर लिहून आम्हांला दिला होता. आम्ही तो तपासताना समासात लिहिले होते, ‘भाषा शुद्ध, परंतु आजीचा आवाज ऐकू येत नाही.’ आणि दोन गुण कापले होते. आता तो टॅब हातात धरल्यावर आम्हांला उमगले, की आजीचा आवाज तिने लिहिला होता. तो वाटेत कोणीतरी दुरुस्त केला होता. आम्ही तिला तसे सांगितले. ती म्हणाली, ‘‘सर, मला वाटलं माझंच चुकतं आहे.’’ बोली बोलणाऱ्याला शाळेत पहिल्या दिवसापासून जे वाटायला लावले जाते, तेच हे वाक्य. पूर्वी ते काम मास्तर करीत. आता कोणावर रागावता येऊ नये इतक्या मुकाट्याने ते पार पडते. ते दोन गुण आम्ही परत दिले.

दुसरी अडचण जुन्या फायलींची. पुरानंतर बॉलपेनच्या वह्यांतला काही भाग आम्ही गावातल्या एका डीटीपी केंद्रातून टंकून घेतला होता, आणि आमचा प्रबंधही त्याआधी तसाच टंकलेला होता. युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 पासून जागा आहे, तरी मराठी छपाईचा व्यवहार पुढे कितीतरी वर्षे कृतिदेव, श्रीलिपी, आकृती अशा निरनिराळ्या फाँटांवर चालला आणि आजही पुष्कळ छापखान्यांत चालतो. या फाँटांतले मराठी हे यंत्राच्या लेखी मराठी नसतेच. ती रोमन अक्षरे व चिन्हेच असतात, त्यांच्यावर देवनागरीचे रूप चढवलेले असते. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की रूप गळून पडते आणि निरर्थक चिन्हांचा चिखल उरतो. टॅबवर आमचा प्रबंध असाच उघडला. आपणच लिहिलेली तीनशे पाने आपल्यालाच वाचता येऊ नयेत, हा अनुभव घेऊन पाहावा असा नाही. लॅपटॉपवर तो फाँट बसवता आला आणि मजकूर युनिकोडमध्ये परिवर्तितही करता आला. परिवर्तनात ‘ऱ्ह’ आणि काही जोडाक्षरे बिघडली, ती हाताने सुधारावी लागली. पण सुधारता आली. ज्यांच्याकडे अशी जुनी फाइल आहे त्यांनी निवड करताना हा मुद्दा अवश्य लक्षात घ्यावा, असे आम्ही सुचवू.

एवढ्यावर लॅपटॉपच्या बाजूने निकाल लागायला हवा होता. तो लागला नाही, कारण दोन्ही वस्तू घेऊन आम्ही आईकडे गेलो.

अंगणात ती सुपात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. आम्ही समोर बसून टॅब जमिनीवर ठेवला. तो तिथे पाटीसारखा पडून राहिला. ती बोलत राहिली. मधूनच वाकून पाही, बोट लावी, हसे. दुसऱ्या दिवशी त्याच जागी लॅपटॉप उघडला. त्याचे झाकण आमच्या दोघांच्या मधे उभे राहिले आणि क्षणात बोलणे बदलले. तिला आता आमचा चेहरा अर्धाच दिसत होता, हात दिसत नव्हते. तिने पदर सारखा केला. तिची भाषाही सारखी झाली. ‘पानी’चे ‘पाणी’ होऊ लागले, आणि हे कोणत्याही यंत्राने केले नव्हते. तलाठी, दवाखान्यातली परिचारिका, रेशनच्या दुकानातला माणूस, असे समोर पडदा उभा करून बसलेले लोक तिने पाहिले होते. अशा पडद्यापुढे कसे बोलायचे असते हे तिला माहीत होते.

मग ठरवायचे काय? टॅबपुढे आई बोलत होती, पण टॅब तिचे शब्द बदलत होता. लॅपटॉप शब्द तसेच ठेवीत होता, पण त्याच्यापुढे आईच बदलत होती. बोलीचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही हा पेच नवा वाटणार नाही. टेपरेकॉर्डर घेऊन फिरणाऱ्या आमच्या आधीच्या पिढीने तो वेगळ्या रूपात अनुभवलाच आहे.

तोडगा आम्हांला सुचला नाही, सुचवला सौभाग्यवतींनी. त्या म्हणाल्या, ‘‘समोर बसताच कशाला? बाजूला बसा की!’’ आम्ही आईच्या डाव्या हाताला, भिंतीला पाठ लावून बसलो आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. आता झाकण कोणाच्याही मधे नव्हते. दोघेही पडद्याच्या एकाच बाजूला होतो. आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. अक्षरे मोठी करून दिली, तेव्हा ती एकेक अक्षर लावून वाचू लागली. सवयीने आम्ही एके ठिकाणी ‘डोळा’ लिहून गेलो होतो. तिने पडद्यावर बोट ठेवले. ‘‘डोरा लिव नं बाप्पा!’’ आम्ही ळ खोडला आणि र लिहिला. तीस वर्षे भाषा शिकवण्याच्या व्यवसायात असलेल्या माणसाची दुरुस्ती बरोबर दिशेने झाल्याचा हा बहुधा पहिला प्रसंग असावा.

त्या दिवशी प्रश्न मिटला. आम्ही लहान लॅपटॉप घेतला, तोही नवा नव्हे. नागपूरला सीताबर्डीत वापरलेले, दुरुस्त करून हमीसह विकलेले लॅपटॉप मिळतात, त्यांतला. विंडोज 10 ला मिळणारा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्याने अशी यंत्रे स्वस्त झाली आहेत. त्यावर एका विद्यार्थ्याने लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवून दिली. तीत मराठी इनस्क्रिप्ट आहेच. नवा स्वस्त लॅपटॉप घेताना ज्यांची साठवण पटलावरच कायमची जोडलेली असते ते टाळावेत, कारण ती पुढे बदलता वा वाढवता येत नाही, हे आम्ही अनुभवी माणसांकडून शिकलो. कळांची स्थिती हाताने दाबून पाहिली. चार्जरची पिन पाहिली. खेड्यात वीज जाते येते, तेव्हा मोबाइलच्याच प्रकारच्या पिनीने चार्ज होणारा लॅपटॉप सोयीचा ठरतो.

या निवडीत काय गमावले, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रात्रीचे वाचन कमी झाले. मोल्सवर्थ पुन्हा टेबलावर गेला. ज्या जुन्या अंकांचे वाचन टॅबवर सुरू केले होते ते अर्धवट राहिले. फोनच्या छोट्या पडद्यावर ते रेटण्याचा प्रयत्न डोळ्यांनी हाणून पाडला. जो मुख्यतः वाचतो, टिपणे दोन-चार ओळींचीच काढतो, ज्याच्यापाशी जुन्या फाँटांतला मजकूर नाही, त्याने खुशाल टॅब घ्यावा. त्याला पश्चात्ताप होणार नाही. टॅबला जोडायचा सुटा कळफलकही मिळतो. पण तो जोडला की मांडीवर तोल राहत नाही, आणि आमचे टेबल म्हणजे आमची मांडी. आम्हांला आणखी एक साधी गोष्ट उशिरा कळली. टॅब हा खिशातल्या फोनचाच थोरला भाऊ आहे. ध्वनिमुद्रण, छायाचित्र, चार ओळींचे वाचन ही त्याची बरीचशी कामे फोन आधीच करतो. लॅपटॉपचे काम मात्र घरातली दुसरी कोणतीही वस्तू करीत नव्हती. एकच वस्तू घ्यायची तर जे घरात नाही ते घ्यावे, हा बाजारहाटाचा जुनाच नियम आहे.

सध्याची पद्धत अशी. आईकडे जाताना खिशात एक वही आणि शिसपेन्सिल असते. शेतात, वाटेने, पाण्याच्या बोडीवर जे शब्द निघतात ते वहीत. संध्याकाळी लॅपटॉप मांडीवर, आई उजव्या हाताला. वहीतला शब्द पडद्यावर जातो. ती वाचते, हवा तिथे बोट ठेवते. आठवड्यातून एकदा त्याची प्रत एका पेनड्राइव्हवर आणि एक आंतरजालावर ठेवली जाते. पेटीत ठेवलेल्या एकाच प्रतीवर आमचा आता विश्वास नाही. पेन्सिलीच्या वह्या टाकून दिलेल्या नाहीत. यंत्र किती वर्षे टिकेल ते माहीत नाही. शिसे मात्र पाण्यात टिकते, हे आमच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आजवर चारशे बारा शब्द झाले. शाईच्या तीन वह्यांत किती होते, त्याचा हिशेब लागणार नाही. काही शब्द आई पुन्हा सांगते, काही तिलाही आठवत नाहीत. आठवले नाहीत की ती आमच्याकडे पाहते, जणू आम्ही ते कुठेतरी लिहून ठेवलेच असतील. मागच्या आठवड्यात तिने पुन्हा विचारले, त्या रोपांना काय म्हणतात. आम्ही उत्तर दिले नाही. लॅपटॉप तिच्याकडे सरकवला आणि तो शब्द शोधून मोठा केला. तिने एकेक अक्षर लावले. प. ऱ्हे. आणि मग पुढचे वाक्य तिचे तिने, न अडखळता सांगितले. आम्ही लिहून घेतले.